आपोआप लागणारं दार

काळजी करणं हा माझा जन्मजात उद्योग आहे. माझी आई म्हणायची, ही पाळण्यात असतानाच कपाळाला आठ्या घालून छताकडे बघायची, पंखा डोक्यात पडेल की काय म्हणून. आमच्या घरात तेव्हा पंखा नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण मला नसलेल्या पंख्याचीही भीती वाटू शकते, हे तिचं निरीक्षण खोटं नव्हतं.

अशा बाईने राहावं कुठे, तर डोंबिवलीत, कारखान्यांच्या वसाहतीच्या काठाला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन मी तिथल्या एका चाळीत आले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, समोर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. संध्याकाळी वाऱ्याची दिशा बदलली की कारखान्यांकडून वास यायचा. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी इस्पितळासारखा, कधी कशासारखाच नाही, नुसता घशात टोचणारा. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी एकटीच घरात होते. आता आपलं काही खरं नाही, असं वाटून नाकाला टॉवेल लावून बाहेर धावले. बघते तर अख्खी गॅलरी बाहेर उभी.

"काय हो, तुमच्याकडे पण येतोय का?"

"मघापासून येतोय. आज लालवाला धूर सोडलाय मेल्यांनी."

"लाल नाही, तो गुरुवारी. आजचा हा पलीकडचा, बाटल्यांवाला."

मग वास कुठल्या कारखान्याचा यावर वाद. शेजारच्या मावशींनी लिंबू चिरून एकेक फोड सगळ्यांच्या हातात दिली, हुंगायला. त्या लिंबाने काय होत होतं देव जाणे. कुणी तक्रार करायला गेलं नाही, कुणी कारखाना बंद पाडला नाही. तासाभराने वास गेला आणि बायका भाकऱ्या थापायला आत गेल्या. पण माझी भीती पळाली होती. कारण फक्त एवढंच, की मला येतो तो वास त्यांनाही येत होता. माझी काळजी करायची ताकद मोठी, पण चाळीत ती मला एकटीला वापरावी लागत नसे. चाळीस घरांत वाटली गेली की माझ्या वाट्याला चमचाभर उरायची.

चाळ म्हणजे स्वर्ग होता असं मी म्हणणार नाही. नवऱ्याशी भांडायचं तर कुजबुजत भांडावं लागायचं. तरी सकाळी मावशी नळावर विचारायच्याच, "काय गं, काल आमटीत मीठ जास्त पडलं होतं की काय?" त्यांना सगळं ऐकू यायचं. आपल्याकडे पाहुणा आला की त्याचं गाव, नोकरी आणि लग्न झालंय का, हे तो चहा प्यायच्या आत गॅलरीभर झालेलं असायचं. मला त्याचा राग यायचा. पण एकदा तापाने फणफणून मी दुपारभर झोपून राहिले, तेव्हा नळाचं पाणी आलं तरी माझ्या बादल्या दिसल्या नाहीत, एवढ्यावरून मावशी आत आल्या होत्या. दार उघडंच होतं. दिवसा ते सताड उघडंच असायचं. ओढून घेतलं तरी लागायचं नाही. लावायचं तर आतून कडी घालावी लागे, नाहीतर बाहेरून कुलूप. दार लावणं हे माणसाचं काम होतं, दाराचं नव्हतं.

आणि विरजण. मला आजतागायत दही लावायचा अंदाज नाही. थंडीत ते लागायचं नाही, उन्हाळ्यात आंबून जायचं, आणि उरलंसुरलं कढीत घालून मी विरजणापुरतंही शिल्लक ठेवत नसे. पण त्याची चिंता नव्हती. दूध गॅसवर चढवायचं, वाटी उचलायची, आणि दूध तापेस्तोवर मावशींच्या दारात उभं राहून "मावशी, विरजण" म्हणायचं. त्यांच्या बुद्धपौर्णिमेच्या खिरीइतकंच त्यांचं दहीही गॅलरीत प्रसिद्ध होतं. विरजण घेता घेता दोन शब्द व्हायचे, तेवढ्यात माझं दूध वर येऊ लागलं तर तिसरी कुणीतरी ओरडायची, "अगं, दूध!" आणि कधीकधी स्वतःच आत जाऊन गॅस बारीक करायची. दूध चढवून शेजारी जायचं, हे माझ्या पायांना इतकं ठाऊक झालं होतं की त्यात डोकं घालावं लागत नसे.

मग आम्हाला मुलगी झाली. तिला सारखा खोकला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. नवरा तर टपूनच बसला होता. त्याच्या ऑफिसातले सगळे एकेक करून ब्लॉकमध्ये गेले होते, आणि ठाण्याला माजिवड्याच्या पुढे नवीन इमारती उठत होत्या. कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि बाल्कनी घेतली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान भरायला चाळीतली निम्मी माणसं लागली. मावशींनी माझ्या हातात फडक्याने तोंड बांधलेली दह्याची वाटी दिली. "नवीन घरात पहिलं विरजण घरचं असू दे," म्हणाल्या. शीळफाट्यापर्यंत रस्ता असा की कपबशा टेम्पोत नाचत होत्या. मांडीवर मुलगी, हातात ती वाटी. मुंब्र्याला टेम्पो बराच वेळ अडकला. उन्हाने दही फडक्यातून माझ्या साडीवर गळायला लागलं. मी मुलीकडे बघत होते आणि वाटीकडेही. नवरा पुढून म्हणाला, "फेक ना ते. ठाण्यात दुकानं नाहीत का?" मी नाही फेकलं.

नवीन घर छान होतं, हे कबूल करायला हवं. खाडीकडून वारा यायचा. मुलीचा खोकला खरंच गेला. घरात नळ, घरात संडास, रांग नाही. आणि दाराला लॅच. नवऱ्याला त्या लॅचचं कोण कौतुक! येणाऱ्या प्रत्येकाला तो दार ओढून दाखवायचा. "बघा, नुसतं ओढलं की लागलं. बाहेरून किल्लीशिवाय उघडणार नाही. चोराचा बाप आला तरी." दाराच्या मध्यावर एक भोक होतं, त्यात काच. त्यातून बाहेरचा माणूस नाकाने फुगलेला दिसायचा. बेल दाबली की चिमण्या चिवचिवायच्या. तेव्हा सगळ्या नव्या इमारतींत त्याच चिमण्या होत्या.

मजल्यावर चार दारं, चारही बंद. पहिल्या आठवड्यात मी ओळख करून घ्यायला गेले. समोरच्या दोन्ही घरांत नवराबायको नोकरीला, दिवसभर कुलूप. शेजारच्या दारात एक तरुण बाई होती, माझ्याहून लहान, नवीन लग्न झालेली, साताऱ्याकडची. तिने दार फुटभर उघडलं, साखळी तशीच. "या ना," म्हणाली, पण साखळी काढली नाही. मी बाहेरूनच बोलले, तिने आतून हसून मान हलवली. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तर तिच्या नवऱ्याने हात पुढे करून घेतला, थँक्यू म्हणाला, आणि दार लागलं. त्या आवाजाची मला तेव्हापासून धास्ती बसली. टक्क. जणू आपण काही मागायला गेलो होतो.

मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "इथे मेलो तरी कुणाला कळणार नाही."

तो म्हणाला, "तू मरायचं कशाला बोलतेस? मजेत राहा ना. कुणाची कटकट नाही, कुणी नाक खुपसत नाही. तुलाच तर नको होतं ना ते?"

नको होतं, हे खरं. पण ते गेल्यावर काळजीचं करायचं काय, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री मी उठून गॅस बघायचे, मग दार बघायचे, मग मुलीच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायचे. चाळीतही मी हे करायचे, पण तिथे भिंतीपलीकडे मावशींचं घोरणं ऐकू यायचं. इथे भिंत जाड होती. शेजारी कुणी आहे की नाही, हे शेजारणीच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या वासावरूनच कळायचं. हिंगाचा वास आला की मला बरं वाटायचं.

मग मे महिन्यात ते घडलं. इमारत अर्धी रिकामी, माणसं गावाला गेलेली. नवरा ऑफिसला. मुलगी दीड वर्षाची, नुकती भराभर चालायला लागलेली, हॉलमध्ये गोधडीवर झोपली होती. मी दूध गॅसवर चढवलं आणि दह्याचं भांडं उघडलं तर त्याला बुरशी. मावशींचं विरजण तर कधीच वाया घालवलं होतं मी. मी वाटी घेतली. डोंबिवलीत घेत होते तशीच घेतली, काही विचार न करता. दूध तापेस्तोवर शेजारून विरजण आणू, साखळीतून दिलं तरी चालेल, एवढंच मनात. दार मागे उघडं टाकून मी बाहेर पाऊल ठेवलं. बाल्कनीचं दार उघडं होतं. खाडीवरून वाऱ्याचा एक झोत घरातून आरपार आला आणि माझ्या पाठीमागे दार आपटलं.

टक्क.

मी वळले. हात लावला. ढकललं. लॅचने आपलं काम चोख केलं होतं. किल्ली आत खिळ्याला.

मला वाटतं मी पहिल्यांदा हसले. आपण किती वेंधळे, असं. मग दूध आठवलं. दूध वर येणार. उतू जाणार. शेगडीवर सांडून आग विझणार आणि गॅस तसाच येत राहणार. मुलगी जमिनीवर. मला हे सगळं क्रमाने, एकेक करून, अगदी स्पष्ट दिसलं. आयुष्यभर नसलेल्या पंख्यांना भिऊन मी यासाठीच तयारी केली होती जणू. आणि आता खराच पंखा पडत होता, तर करायचं काय ते सुचेना.

शेजारची बेल दाबली. आत चिमण्या चिवचिवल्या. पुन्हा दाबली. पुन्हा चिमण्या. मी बोट उचललंच नाही, चिमण्यांनी नुसता उच्छाद मांडला. मग दारावर थापा. दारातल्या काचेत आधी उजेड दिसत होता, तो गेला. म्हणजे कुणीतरी डोळा लावला होता. "अहो, उघडा! शेजारची मी! माझी मुलगी आत आहे!" डोळा तिथेच. दार उघडलं नाही. माझे केस सुटलेले, अंगात मॅक्सी, हातात वाटी, आणि तोंड त्या काचेतून कसं दिसत असेल, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला तिचा असा संताप आला की दार फोडून तिला बाहेर ओढावं.

समोरच्या दोन्ही दारांना कुलपं. जिन्याच्या खिडकीतून खाली वॉचमन दिसला. मी जीव खाऊन ओरडले, "ऊपर आओ! जल्दी आओ!" त्याने मान वर केली, हात हलवला. "पानी आएगा मॅडम! पंप चालू किया है! आधे घंटे में आएगा!" मी "पानी नहीं!" म्हणून किंचाळले, तर तो "आएगा, आएगा" करत पंपाच्या खोलीकडेच गेला. त्याला वरून ओरडणाऱ्या बाया फक्त पाण्यासाठीच माहीत होत्या. खाली धावावं तर दारापासून हलायचा धीर होईना. जणू मी तिथून गेले की आतलं काही थांबलेलं आहे ते सुरू होईल.

मी जमिनीवर बसून दाराच्या फटीला नाक लावलं. दूध करपल्याचा वास. मला बरं वाटलं, खरंच सांगते, कारण करपतंय म्हणजे आग जळतेय. थोड्या वेळाने तो वास मागे पडला आणि त्याच्या मागून दुसरा आला. सिलिंडरचा. आला की मला भास झाला? डोंबिवलीत मी गॅलरीत येऊन विचारलं असतं, "तुम्हालापण येतोय का?" आणि दहा नाकांनी सांगितलं असतं. इथे माझं एकच नाक, आणि त्याच्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. मग आत मुलीने रडायला सुरुवात केली. झोपेतून उठून आई दिसली नाही की रडते तसं, आधी रुसून, मग घाबरून. "आई इथे आहे गं, तिथेच बस, तिथेच बस," मी फटीतून म्हणत राहिले. आवाज ऐकून ती माझ्याकडे यायला निघेल आणि दाराजवळ गॅस जास्त असेल, म्हणून मग गप्प झाले. गप्प झाले तर ती जास्त रडू लागली.

मी उठले. शेजारच्या दारासमोर, काचेच्या अगदी समोर तोंड आणलं. केस मागे सारले. आवाज होईल तेवढा सरळ केला. म्हटलं, "वहिनी, मला आत घेऊ नका. दार उघडूच नका. फक्त तुमच्या बाल्कनीत जाऊन बघा. माझी मुलगी दिसते का, एवढंच सांगा. दाराआडूनच सांगा."

काचेत उजेड परत आला. ती गेली होती. मग आतून धावत येणारी पावलं, साखळीचा खडखडाट, आणि दार उघडलं. पूर्ण उघडलं. ती रडायच्या बेतात होती.

"ताई, बाळ रडतंय. अन् गॅसचा वास येतोय, मला पण येतोय! ह्यांनी सांगितलंय कुणी आलं तरी दार उघडायचं नाही. पलीकडच्या बिल्डिंगीत बाईला बांधून लुटली म्हणं. मला काय करावं समजंना."

आम्ही दोघी बाल्कनीत धावलो. तिची आणि माझी बाल्कनी चिकटून, मध्ये विटांची आडभिंत, माणसाच्या उंचीची. त्या भिंतीला वळसा घालायचा तर कठड्यावर चढून बाहेरच्या बाजूने जायचं. खाली तीन मजले आणि बिल्डरने टाकून दिलेले दगड. मी कठड्याला हात घातला. पाय उचलेना. माझी मुलगी पलीकडे, आणि माझा पाय उचलेना.

"तुम्ही थरथरताय. पडाल," ती म्हणाली. "मला धरा. मी जाते."

"नको, नको..."

"धरा तर!" तिने साडी गुडघ्याच्या वर खोचली, बांगड्या मागे सारल्या आणि आंब्यावर चढावं तशी कठड्यावर चढली. मी तिच्या कमरेची निरी दोन्ही मुठींत गच्च धरली. तिने एक हात भिंतीपलीकडे टाकला, एक पाय टाकला, क्षणभर ती पूर्ण बाहेर होती. माझ्या मुठीत तिचं वजन आलं. मी डोळे मिटले. मग मुठीतलं वजन सुटलं आणि पलीकडे धप्प आवाज झाला.

मी परत माझ्या दाराशी धावले. आत खिडक्या उघडल्याचे आवाज, भांडं पडल्याचा आवाज. आणि मग माझं दार आतून उघडलं. ती उभी होती, कडेवर माझी मुलगी, दोघीही खोकत होत्या. तिच्या कोपराचं सालटं निघालं होतं. मुलीने तिच्या मंगळसूत्राला घट्ट धरून ठेवलं होतं आणि माझ्याकडे यायला तयार नव्हती.

आम्ही तिघी जिन्यात बसलो. ती माझ्या मुलीला थोपटत होती आणि मी तिला. "मी उघडायला पाहिजे होतं," ती म्हणत राहिली. मी म्हटलं, "उघडलंत की." त्या दुपारी ती माझ्या घरी जेवली. तिच्या गावाला दोन भाऊ, आई, म्हशी. इथे आल्यापासून नवऱ्याशिवाय कुणाशी बोललेच नाही, म्हणाली. तीही माझ्या फोडणीचा वास घ्यायची. मला वाटलं, शेजार मिळाला. आता मिळाला.

नवरा संध्याकाळी आला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने मुलीला उचललं आणि खाली ठेवीचना. दुसऱ्या दिवशी तो दुसरी किल्ली करून घेऊन आला. मी म्हटलं, ही शेजारी ठेवायची. आम्ही दोघं गेलो. तिच्या नवऱ्याने या या म्हणून बसवलं, पाणी दिलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यालाही आदल्या रात्री झोप लागली नव्हती, डोळे सांगत होते.

"किल्ली नको," तो म्हणाला. "राग मानू नका. उद्या तुमच्या घरात काही कमी-जास्त झालं, तर नाव आमच्यावर नको. एक सांगू का, ही पडली असती तर? मी हिच्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

बाल्कनीत मुठीत आलेलं तिचं वजन मला आठवत होतं. माझा नवरा पटकन म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. अगदी बरोबर." आणि किल्ली खिशात टाकली. त्याची बायको आतल्या दारात उभी होती. कोपराला पट्टी होती.

पुढच्या आठवड्यात वेल्डिंगवाला आला. तिच्या नवऱ्याने बाल्कनीला खालपासून वरपर्यंत ग्रिल लावून घेतलं. "एक बाई जर एका बाल्कनीतून दुसरीत जाऊ शकते," तो माझ्या नवऱ्याला जिन्यात म्हणाला, "तर चोर का नाही?" माझ्या नवऱ्याला हे इतकं पटलं की वेल्डिंगवाला आहे तोवर आमच्याही बाल्कनीला ग्रिल बसलं. मी विरोध केला, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मुलगी आता पळायला लागली होती आणि कठडा मला स्वप्नात दिसायचा. मीच कारागिराला म्हटलं, "गज जवळजवळ लावा."

ती आणि मी त्यानंतर भेटलो नाही असं नाही. जिन्यात भेटायचो, मुलीचे गाल ओढायची ती. पण मला तिच्या नवऱ्याचं वाक्य आठवायचं, आणि तिला बहुतेक तीन मजले खालचे ते दगड. एकमेकींकडे बघितलं की दोघींनाही तेच दिसायचं. हळूहळू बघणं कमी झालं. मी मात्र दर वेळी बेल वाजली की आधी मुलीला बाजूला ओढायचे, बोट ओठांवर ठेवायचे, चोरपावलांनी जाऊन काचेला डोळा लावायचे. पलीकडच्या इमारतीतल्या बाईला बांधून लुटल्याची गोष्ट आता मीही नव्याने राहायला आलेल्यांना सांगत होते. ती बाई कोण, कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. दुपारी चिमण्या चिवचिवल्या. मी स्वयंपाकघरात होते. ती पळत आली, माझा पदर ओढला, ओठांवर बोट ठेवलं. अगदी माझ्यासारखं. कुजबुजली, "आई, आवाज करू नको. बाहेर माणूस आहे."

मी जाऊन डोळा लावला. शेजारची होती. बेल दाबून दोन पावलं मागे सरकून उभी होती, चेहरा नीट दिसावा म्हणून. त्यांची बदली झाली होती, निरोप घ्यायला आली होती. मी लॅच फिरवला तसा माझ्या मुलीने मागून माझा पाय मिठीत धरला. दार उघडलं, आणि समोर ती दिसताच माझी मुलगी घाबरून मोठमोठ्याने रडायला लागली.